शिडाच्या बोटीसाठी टिकाऊ दोर कोणता घ्यावा?

नायलॉनचा दोर सर्वांत मजबूत समजला जातो, तर २४ फुटी बोटीच्या हॅलयार्ड (शीड वर चढवणारा दोर) आणि शीट (शीड वाऱ्यानुसार ओढून-सोडून धरणारा दोर) या दोन्हींसाठी तोच घ्यावा का, असे आपण विचारले आहे. घेऊ नये. एवढ्या बोटीवर दोर ताकद अपुरी पडून क्वचितच तुटतो; तो ताणला जाऊन, उन्हाने किंवा एकाच जागी घासून निकामी होतो.

मी स्वतः ही चूक केली आहे. मुंबई बंदरातून मांडव्याकडे जाताना सकाळी नायलॉनच्या हॅलयार्डने शीड चांगले ताणून चढवले होते. दुपारी वायव्येचा वारा वाढला, तशा शिडाच्या पुढच्या कडेला आडव्या चुण्या पडू लागल्या. मी दोर पुन्हा ओढून घ्यायचो आणि थोड्याच वेळात चुण्या परत दिसायच्या. तुटेपर्यंत नायलॉन २० टक्क्यांहून अधिक ताणला जातो आणि भिजल्यावर त्याची ताकदही काहीशी घटते. लाटांचे हिसके सोसणाऱ्या नांगराच्या दोराला हा ताण उपकारक असतो, पण शीड चढवणाऱ्या दोराला तो मारक ठरतो.

म्हणून दोन्ही कामांसाठी दुहेरी वेणीचा, म्हणजे विणलेल्या गाभ्यावर विणलेले आवरण असलेला पॉलिएस्टरचा दोर घ्यावा. तो कमी ताणला जातो आणि ऊनही बऱ्यापैकी सोसतो. हॅलयार्डला ८ मिलिमीटर जाडी पुरते. शीटला मात्र १० मिलिमीटर घ्यावी, आणि ती ताकदीसाठी नव्हे, तर बारीक दोर ओल्या तळहाताला कापतो म्हणून. शर्यतीत उतरायचे असेल, तर डायनिमा या अतिशय मजबूत कृत्रिम तंतूच्या गाभ्याचा दोर घ्यावा; तो जवळजवळ ताणला जात नाही. परंतु डायनिमा साधारण १५० अंश सेल्सिअसच्या आतच वितळतो आणि गुळगुळीत असल्याने त्यात गाठ सरकते, म्हणून त्यावर पॉलिएस्टरचे आवरण असावे. बाजारात मिळणारा स्वस्त, तरंगणारा पॉलिप्रोपिलीनचा दोर मात्र बोटीवर कायमचा ठेवूच नये. आपल्याकडच्या उन्हात त्याचे तंतू ठिसूळ होऊन हाताला टोचू लागतात. डोलकाठीला उभी धरून ठेवणाऱ्या आधाराच्या दोरांचा प्रश्न वेगळा आहे. तिथे स्टेनलेस स्टीलची तारच योग्य.

दोर किती वर्षे टिकेल, हे पुष्कळदा डोलकाठीच्या माथ्यावरच्या कप्पीवर ठरते. शीड पूर्ण चढलेले असताना दोराचा तोच वीतभर भाग दरवेळी कप्पीवर वाकून बसतो. त्यामुळे हॅलयार्ड मीटरभर जास्त घ्यावा आणि दरवर्षी शिडाकडचे टोक वीतभर कापून नवी गाठ मारावी, म्हणजे झीज एकाच जागी साचत नाही. आवरणावर बारीक लव आली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. बोटांनी चाचपताना दोर कुठे चपटा, कडक किंवा आतून पोकळ लागला, तर मात्र तो बदलावा.

मिठाचे स्फटिक वेणीत शिरून तंतू आतून कापत राहतात, म्हणून हंगाम संपताच दोर गोड्या पाण्यात रात्रभर भिजवून सावलीत वाळवावेत. त्यासाठी पावसाळ्यापूर्वी हॅलयार्ड काढताना त्याच्या टोकाला एक बारीक दोरी शिवून ती डोलकाठीतून ओवून ठेवावी, म्हणजे नंतर तिच्याच आधाराने हॅलयार्ड परत ओढून घेता येतो. मी एकदा ती ओवायला विसरलो आणि ऑक्टोबरात मला माथ्यापर्यंत चढावे लागले.