करसल्ला : आधी मंजुरीपत्र, मग चेक

प्रश्न : पेनसिल्व्हेनियात आमची सी-कॉर्पोरेशन (आपल्या नफ्यावर स्वतःच कर भरणारी कंपनी) आहे. खासगी शाळांच्या शिष्यवृत्तीला देणगी दिली की ९० टक्के रक्कम राज्याच्या करातून वळती होते म्हणे. डिसेंबरात बाकीच्या देणग्यांबरोबर हाही चेक काढावा का?

उत्तर : नका काढू. मंजुरीआधी दिलेले पैसे नुसती देणगी ठरतात, क्रेडिट, म्हणजे राज्याच्या करातून थेट वजा होणारी सूट, मिळत नाही. अशा देणग्यांवर क्रेडिट देणाऱ्या राज्याच्या ईआयटीसी योजनेचा अर्ज आधी डीसीईडी या राज्याच्या खात्याकडे ऑनलाइन करायचा. नवे अर्ज १ जुलैपासून घेतात. क्रेडिटची एकूण रक्कम ठरलेली असते, त्यामुळे पहिला दिवस चुकवू नका. मंजुरीपत्राच्या तारखेपासून ६० दिवसांत यादीतल्या शिष्यवृत्ती संस्थेला पैसे द्यायचे आणि ९० दिवसांच्या आत त्याचा पुरावा खात्याकडे पाठवायचा. दिवस पत्रावरच्या तारखेपासून मोजतात, ते तुमच्या हाती कधी पडलं यावरून नाही.

एकाच वर्षासाठी दिलंत तर क्रेडिट ७५ टक्के. सलग दोन वर्षं तेवढीच रक्कम देण्याची हमी दिलीत तरच ९० टक्के.

खरा घोटाळा होतो तो आकड्यात. समजा, १,००,००० डॉलर दिले, क्रेडिट मिळालं ९०,०००, पण त्या वर्षी राज्याचा कर निघाला ६०,०००. उरलेले ३०,००० बुडाले. ते पुढच्या वर्षी ओढता येत नाहीत, परतही मिळत नाहीत. तेव्हा यंदाच्या कराचा सावध अंदाज बांधूनच रक्कम ठरवा.

फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कराच्या रिटर्नमध्येही पूर्ण लाख धर्मादाय म्हणून दाखवू नका. २०१९च्या नियमानुसार क्रेडिटइतकी रक्कम त्यातून वजा होते. मात्र सी-कॉर्पोरेशनला तेवढी रक्कम फेडरल करकायद्याच्या कलम १६२ खाली धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येते. एस-कॉर्पोरेशनला (जिचा नफा भागधारकांच्या रिटर्नमध्ये धरतात) राज्याच्या आयकराच्या क्रेडिटबाबत ही सवलत लागू नाही.

प्रश्न : म्हणजे हा सरकारचाच पैसा झाला ना?

उत्तर : २०११मध्ये ॲरिझोनातल्या अशाच शिष्यवृत्ती-क्रेडिटवरच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं ५ विरुद्ध ४ मतांनी म्हटलं, की हा पैसा तिजोरीत आलेलाच नसतो, म्हणून करदात्यांना त्याविरुद्ध कोर्टात दावा लावता येत नाही. कायद्याची बाजू ही. पण शंभरातल्या नव्वद डॉलरांवर राज्य पाणी सोडतं, हे आम्हाला नजरेआड करता येत नाही. म्हणून संस्था निवडताना तिचे हिशेब जरूर मागा : शिष्यवृत्त्यांवर किती गेले, कार्यालयावर किती, आणि मुलं कोणत्या उत्पन्नगटातली आहेत.

प्रश्न : शिष्यवृत्तीच्या देणगीवर २०२७पासून मिळणाऱ्या फेडरल क्रेडिटचा कंपनीला फायदा?

उत्तर : नाही. ते व्यक्तींसाठी आहे, कमाल १,७०० डॉलर, आणि राज्यानं सहभाग घेतला असेल तरच तिथल्या संस्था यादीत येतात.