दाराला टेकवलेला खराटा

भाऊ, तू विचारलं की नागपुरात इतवारीत नि बर्डीत फिरून हमाल, चहावाले, शटर उघडणारे दुकानदार यांचे फोटो काढतो तर घरचे म्हणतात यात कला कुठे आली, आणि हे मोबाईल आल्यानंतरचं फॅड आहे का. फॅड अजिबात नाही, कॅमेऱ्यापेक्षाही जुनं आहे हे.

सतराव्या शतकात हॉलंडमधले बरेच चित्रकार राजे-देव सोडून घरातली रोजची कामं रंगवत होते. व्हर्मीरची दूध ओतणारी बाई बघ, १६६० च्या आसपासचं चित्र, जेमतेम ४५ सेंटीमीटर उंच. एक मोलकरीण दूध ओतून राहिली, बस, तेवढंच. पण डावीकडच्या खिडकीतून आलेला उजेड, आणि मागच्या भिंतीत ठोकलेला खिळा, उपटलेल्या खिळ्यांची भोकं, तेही त्यानं सोडलं नाही! मी ते फोनवर झूम करून कितीदा पाहिलं असेल, दर वेळी भिंतीवरच अडकतो.

आता फोटोग्राफीकडे ये. इंग्लंडचा टॅलबट, कागदावर निगेटिव्ह काढण्याची पद्धत शोधणारा माणूस, त्यानं १८४४ मध्ये एका उघड्या दाराचा फोटो घेतला, दाराला खराटा टेकवलेला, बाजूला कंदील लटकलेला, माणूस कोणीच नाही. आणि सोबत त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय की रोजची साधी दृश्यं घ्यायला डच चित्रकारांचा आधार आम्हाला पुरेसा आहे, इतरांना जिथे काही दिसत नाही तिथे चित्रकाराची नजर थांबते. म्हणजे घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर पावणेदोनशे वर्षांपूर्वीच देऊन झालंय ना. पुढे रस्त्यावरच्या फोटोंसाठी नावाजलेला फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ सुद्धा आधी पॅरिसमध्ये आंद्रे लोतकडे चित्रकला शिकला, लायका कॅमेरा नंतर हातात आला.

तुझे तिन्ही फोटो पाहिले. चहावाला आणि दुकानदार, दोन्हीत तू चेहऱ्यामागे धावलास आणि मागची भिंत नुसती काळी झाली. हमालाचा मात्र जमलाय, कारण तिरपं ऊन पोत्यावर पडलंय आणि तागाचा धागान्‌धागा दिसतो. तर आधी उजेडाची जागा शोध, तिथे उभा राहा, माणूस येईल आपोआप. रविवारी कॉटन मार्केटला जा, पण आठच्या आत पोच, आपल्याकडे उन्हाळ्यात त्यानंतर ऊन डोक्यावर चढायला लागतं आणि सावल्या पायाखाली जातात.