कृषी सल्ला : हॉपची बी नाशिकच्या कुंडीत

या पंधरवड्यात हॉपबद्दल, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलाबद्दल, दोन प्रश्न आले. नाशिकरोडच्या एका ताई विचारतात : "ऑनलाइन हॉपच्या बियांचं पाकीट मागवलं. ट्रेमध्ये पेरून दीड महिना झाला, रोज पाणी देते, पण एकही कोंब नाही. बी खराब निघालं का?" दिंडोरी तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार विचारतात : "हॉपला किलोला लाख रुपये भाव आहे म्हणतात. जुनी थॉमसनची बाग काढायचीच आहे, मांडव उभा आहे. त्यावर हॉपचा वेल चढवला तर?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथे बाग पणाला लागली आहे.

दादा, लाख रुपयांची बातमी २०२१ सालची आहे. बिहारच्या औरंगाबाद जिल्ह्यात एका शेतकऱ्याने ही भाजी पिकवली, असा फोटो मोबाईलवर फिरला. पत्रकार गावात जाऊन पोहोचले तेव्हा तिथे हॉपचं पीक नव्हतं. फोटोतली भाजी म्हणजे हॉपचे वसंतात जमिनीतून वर येणारे कोवळे कोंब. युरोपात, विशेषतः बेल्जियममध्ये, ते खातात. एकेक कोंब हाताने खुडावा लागतो, म्हणून हंगामाच्या सुरुवातीला तो फार महाग असतो. पण हॉपची शेती या कोंबांसाठी होत नाही. ती होते मादी वेलाला येणाऱ्या हिरव्या, कागदी पाकळ्यांच्या शंकूंसाठी. त्या पाकळ्यांच्या बुडाशी ल्युप्युलिन नावाची पिवळी, चिकट पूड असते. बिअरचा कडवटपणा आणि वास त्या पुडीतून येतो.

हॉप आपल्या देशातही होतो. हिमाचल प्रदेशातल्या लाहौल खोऱ्यात, साधारण ३,००० मीटर उंचीवर, तो लावला गेला आहे. तिथे हिवाळाभर बर्फ असतो, वेल जमिनीखाली झोपतो आणि उन्हाळ्यात उठून धावतो. आपल्याकडे निफाडला एखाद्या रात्री पारा ४-५ अंशांवर येतो आणि पेपरात बातमी छापून येते. हॉपला मात्र तशी थंडी आठवडेच्या आठवडे सवयीची. अलीकडच्या काही प्रयोगांत कमी थंडीतही वेल फुलले आहेत. त्यामुळे थंडी हा कदाचित मोठा अडसर नसेल.

मोठा अडसर आहे दिवसाची लांबी, आणि द्राक्षवाल्यांनी नेमका हाच मुद्दा नीट समजून घ्यावा. हॉपचा वेल दिवस मोठा असेपर्यंत उंच वाढतो आणि दिवस लहान होऊ लागला की फुलावर येतो. जर्मनीच्या हालरटाऊ भागात जूनमधला सर्वात मोठा दिवस सुमारे १६ तासांचा असतो. अमेरिकेतल्या याकिमा खोऱ्यात तो पावणेसोळाच्या जवळ जातो, लाहौलमध्ये सव्वाचौदाच्या आसपास. नाशिकमध्ये २१ जूनलाही दिवस सव्वातेरा तासांच्या थोडाच पुढे सरकतो. म्हणजे आपल्याकडचा सर्वात मोठा दिवसही हॉपच्या हिशेबाने लहानच. वेल पुरता वाढण्याआधीच "आता हंगाम संपत आला" असं समजतो, कमरेएवढा किंवा डोक्याएवढा असतानाच चार-दोन फुलं काढतो आणि थांबतो. तिकडे हाच वेल १८ फुटांच्या तारांवर चढतो. शेवंतीवाले पॉलिहाऊसमध्ये रात्री दिवे लावून कळी लांबवतात, तोच प्रकार इथे करता येतो. फ्लोरिडासारख्या उष्ण राज्यात असे दिवे लावूनच हॉपचे प्रयोग झाले आहेत. पण एकरभर दिवे, द्राक्षाच्या मांडवापेक्षा कितीतरी उंच तारा, काढणीनंतर लगेच वाळवण्याची सोय, आणि इतकं करून माल घेणारं गिऱ्हाईक कोण? माझं स्पष्ट मत सांगतो : बाग काढायची असेल तर जरूर काढा, पण हॉपच्या भरवशावर काढू नका. हौसेसाठी बांधावर दोन वेल लावा, मी स्वतः बघायला येईन.

आता ताईंकडे येतो. ताई, बी खराबच असेल असं नाही. ते झोपलेलं आहे. थंड प्रदेशातल्या झाडाचं बी शरद ऋतूत जमिनीवर पडतं. ते लगेच उगवलं तर कोवळं रोप बर्फात मरेल. म्हणून ओल्या मातीत मोठी थंडी काढल्याशिवाय ते उघडतच नाही. आपल्या नोव्हेंबरच्या मातीला ती थंडी कुठून मिळणार? ती तुमच्या फ्रिजमध्ये आहे.

आधी बी ओळखा. खरं हॉपचं बी मोहरीपेक्षा थोडं मोठं, गोलसर आणि तपकिरी असतं. पाकिटात काही वेगळंच निघालं तर पुढची मेहनत वाचली. बी एक दिवस-रात्र साध्या पाण्यात भिजवा. मग मूठभर कोकोपीट ओलं करून घट्ट पिळा. मुठीतून पाणी टपकू नये, पण हाताला गारवा लागावा. त्यात बी कालवून झिपच्या पिशवीत भरा, थोडी हवा राहू द्या, वर तारीख लिहा आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात अजिबात नको. तापमान ४-५ अंश सेल्सिअस, मुदत सहा आठवडे. आठवड्यातून एकदा पिशवी उघडून वास घ्या. कुबट वास आला किंवा पांढरी बुरशी दिसली तर बी धुऊन नव्या कोकोपीटमध्ये घाला. घरच्यांना सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी ती पिशवी मसाला समजून ओट्यावर काढून ठेवेल आणि सगळी थंडी वाया जाईल.

सहा आठवड्यांनी बी अर्धा ते एक सेंटीमीटर खोल पेरा. त्याहून खोल नको. २० ते २४ अंश तापमान उगवणीला मानवतं, आणि आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीचं सरासरी तापमान साधारण तसंच असतं. सगळं बी एकदम उगवत नाही. काही पंधरा दिवसांत येतं, काही महिन्याने, काही येतच नाही. म्हणून एक-दोन रोपं दिसताच बाकीचा ट्रे ओतून टाकू नका.

रोपाला खऱ्या पानांच्या दोन-तीन जोड्या आल्या की मोठ्या कुंडीत हलवा. निदान १५-२० लिटरची कुंडी घ्या, कारण मुळं खोल जातात. आपली काळी माती एकटी वापरू नका. पावसात ती चिकटून बसते आणि मुळं कुजतात. पोयटा, चांगलं कुजलेलं शेणखत आणि वाळू किंवा कोकोपीट सारख्या भागांत मिसळा, त्यात थोडी ट्रायकोडर्मा (मूळकुज रोखणारी उपयोगी बुरशी) घाला. वेलाला सुतळी लागते. तो नेहमी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वळसे घेतो, उलटा गुंडाळलात तर सुटून येतो. खोडावर बारीक खरखरीत केस असतात, म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट घालूनच वेल हाताळा.

एप्रिल-मेमध्ये दुपारचं ऊन पानं करपवतं. सकाळचं ऊन द्या, दुपारी हिरव्या शेडनेटची सावली. हॉपवरही भुरी आणि डावणी येते. त्या बुरशा द्राक्षावरच्या नव्हेत, वेगळ्या आहेत, त्यामुळे शेजारच्या बागेतून त्या उडून येणार नाहीत. पण पावसाळ्यातली दमट हवा दोघींनाही आवडते. जमिनीलगतची पानं काढून टाका, पाणी पानांवर न मारता बुडाशी द्या. उन्हाळ्यात पानाखाली लाल कोळी तपासा, तो हॉपचा जुना शत्रू आहे.

दिवा लावायचा तर फेब्रुवारीपासून रोज संध्याकाळी अंधार पडल्यापासून ११ वाजेपर्यंत वेलाजवळ साधा एलईडी बल्ब चालू ठेवा. सूर्योदयापासून मोजलं तर सोळा तास भरतात. वेल गच्चीच्या कठड्यापर्यंत पोहोचला की दिवा बंद करा, मग तो फुलावर येईल.

पण बियांपासून लावलेल्या हॉपची एक अडचण आधीच सांगून ठेवतो. पपईसारखी इथेही नर-मादी झाडं वेगळी असतात. बियांतून साधारण निम्मी नर निघतात, आणि फुलं आल्याशिवाय ते कळत नाही. त्याला बहुधा दुसरं वर्ष लागतं. शिवाय पाकिटावर कास्केड किंवा दुसऱ्या कुठल्या जातीचं नाव असलं तरी बियांतून ती जात जशीच्या तशी येत नाही. द्राक्षाची बी पेरून कुणी बाग लावतं का? आपण खुंट लावतो, वर हव्या त्या जातीची काडी भरतो. हॉपवालेही जमिनीखालच्या खोडाचे तुकडे किंवा कोवळ्या शेंड्यांची कलमं लावतात. म्हणून निदान सात-आठ रोपं वाढवा. नर ओळखू आले की काढून टाका, मादीच्या शंकूत बी भरलं नाही की शंकू चांगला राहतो. जमलेल्या मादी वेलापासून पुढे कलमं करा.

परदेशी संकेतस्थळावरून बी मागवू नका. बाहेरून बियाणं आणायला आयात परवाना आणि पाठवणाऱ्या देशाचं फायटोसॅनिटरी (बियाणं रोग-कीडमुक्त असल्याचं) प्रमाणपत्र लागतं. टपालाने गुपचूप आलेल्या पाकिटातून नवा रोग आला तर त्याची किंमत सगळा जिल्हा मोजेल. हॉप भांगेच्या कुळातला असला तरी त्यात नशा नाही, ती भीती नको. मात्र घरी बिअर बनवायला परवाना लागतो, हे लक्षात असू द्या. घरात कुत्रा असेल तर वाळलेले शंकू त्याच्यापासून लांब ठेवा, ते खाल्ल्यास त्याचा ताप जीवघेणा चढतो.

ताई, तुमचा दीड महिना वाया गेलेला नाही. तो ट्रे जसाच्या तसा प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये बसत असेल तर आजच ठेवा. बसत नसेल तर माती चाळून बी वेगळं करा आणि वर सांगितलं तसं कोकोपीटमध्ये ठेवा. आज पिशवी भरलीत तर नव्या वर्षाच्या सुरुवातीला पेरणी होईल. कोंब आले की फोटो पाठवा, कुंडी कुठल्या बाजूला ठेवायची ते तुमची गच्ची बघून सांगतो.