घरात कोणकोणत्या चिकटपट्ट्या ठेवाव्यात? एकाच टेपने सगळी कामं होत नाहीत का?

नाही होत. माझं हार्डवेअरचं दुकान आहे. 'एक टेप द्या' म्हणत कोणी आलं की मी आधी विचारतो, 'कशाला लावायचीय?'

सगळ्यात जास्त घोळ टेफ्लॉन टेपचा. पांढरी, पातळ, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत घेऊन येतं, 'चिकटतच नाही हो!' अहो, तिला गोंदच नसतो. नळाच्या आट्यांवर ती ताणून गुंडाळायची. नळ आवळला की आट्यांमधल्या फटी भरतात आणि गळती थांबते. पूर्वी प्लंबर सफेदा आणि सुती दोरा लावायचे, तेच काम. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वेढे द्या. उलटे दिलेत तर नळ फिरवताना टेप गोळा होऊन बाहेर येते. चिरलेल्या पाइपावर गुंडाळून मात्र काही होत नाही, तिथे पाइपच बदलावा लागतो.

वायरीला फक्त पीव्हीसीची इन्सुलेशन टेप, तीही मेन स्विच बंद करून. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवायचा, जरा ताणून. शेवटचा वेढा न ताणता, कारण ताणलेलं टोक आकसतं आणि सुटतं. खोकी बांधायची ब्राऊन टेप वायरीला लावलेली मी पाहिली आहे. असलं धाडस करू नका. इस्त्रीची वायर सोलली असेल तर टेपच्या भानगडीत न पडता वायर नवी घ्या.

मास्किंग टेप कागदाची, मुद्दाम कमी चिकट. रंग देताना जिथे रंग लागायला नको, तो भाग झाकायला ती लावायची. अमेरिकेत १९२५ साली रिचर्ड ड्रू यांनी ती दोन रंगांच्या मोटारी रंगवणाऱ्यांसाठी काढली. रंग पुरता वाळायच्या आत सोलून काढा, नाहीतर कड उखडते.

आरसा किंवा हुक लावायला दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोम टेप. टाइल्सवर छान बसते. डिस्टेंपरच्या भिंतीवर ती भिंतीला चिकटतच नाही, रंगाच्या पापुद्र्याला चिकटते आणि पापुद्र्यासकट खाली येते. तिथे खिळाच बरा.

आणि साधी सेलोटेप पाकिटं, वह्यांची कव्हरं यांच्यापुरती ठेवा. जपायच्या कागदांना नको, तिचा गोंद कागदात मुरतो. आमच्या घराच्या खरेदीखताला वडिलांनी लावलेली पट्टी कधीच गळून पडली. तपकिरी डाग तेवढा राहिलाय, नेमका चतुःसीमेच्या ओळींवर.