परदेशी पैसा घेणाऱ्या संस्था आरोग्य धोरणाबद्दल जे बोलतात, ते लोकांचं म्हणणं असतं की देणगीदाराचं?

दोघांचंही नाही. ते निधी मागायला लिहिलेल्या प्रपोजलचं म्हणणं असतं.

मी देवगड तालुक्यात एका छोट्या संस्थेत काम करत होते. पैसा परदेशातून दिल्लीच्या मोठ्या संस्थेकडे यायचा आणि तिथून उरलासुरला आमच्याकडे. विषय माता-बाल आरोग्य. वाडीवाडीत बैठका घ्यायच्या, बायकांच्या मागण्या लिहून घ्यायच्या आणि जिल्हा परिषदेपुढे मांडायच्या.

आता देवगडचा कातळी सडा म्हणजे फुरशांचं, त्या विषारी सापांचं, माहेर. पातेरा, म्हणजे पाचोळा, गोळा करताना हात घालाल तिथे फुरसं. त्यामुळे बायकांची पहिली मागणी ठरलेली: आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस ठेवा, आणि ती टोचायची सोडून माणसाला ओरोसला जिल्हा रुग्णालयात पिटाळू नका. आमच्या फॉर्ममध्ये याला जागाच नव्हती. शेवटी ‘इतर’ नावाचा बोटभर रकाना होता, त्यात बारीक अक्षरात कोंबायचो. एका आजीने फॉर्म वाचून घेतला नि विचारलं, “कागदात सगळा आसा, मगे फुरसा खंय?”

मी अहवालात ते ठळक करून पाठवलं. दिल्लीहून मसुदा परत आला, त्यात तो परिच्छेदच नाही. कोणी दम दिला नाही, खोटं लिहायला लावलं नाही. तिथल्या मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, “आपल्या इंडिकेटरमध्ये, मोजायच्या निकषांत, बसत नाही ना!” पुढच्या वर्षी फॉर्ममधून ‘इतर’ गेलं, आणि कार्यकर्त्याही विचारेनाशा झाल्या. देणगीदार आमच्या तोंडी शब्द घालत नाही. कशाला पैसे नाहीत एवढंच तो ठरवतो, बाकीचं आपोआप होतं.

मग २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंश दुर्लक्षित आजारांत घेतला. २०१९ मध्ये आरोग्य संशोधनाला पैसा देणाऱ्या ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टने त्यासाठी ८ कोटी पौंड जाहीर केले, आणि त्याच मॅडमचा फोन! “तुमच्याकडे स्नेकबाइटचा डेटा असेल ना?” प्रपोजल रंगात येईतो सप्टेंबर २०२० मध्ये एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, बदलला. एका संस्थेने परदेशी निधी दुसरीला द्यायचा नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून थेट २०. दिल्लीवाले तगले. आमचं शटर खाली.

आमचे भाऊजी दर चतुर्थीला सगळ्यांसमोर ऐकवतात, “परदेशी पैसा खाल्ला की परदेशी बोलणारच.” भाऊजी, तुमचा ट्रस्ट कंपनीच्या सीएसआरवर चालतो. मोठ्या कंपन्यांनी नफ्यातून समाजकार्यावर खर्चायचे, कायद्यातले ते २ टक्के अगदी स्वदेशी. नेत्रशिबिर, चष्मेवाटप, लोगोचा भलामोठा बॅनर. ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ का नाही, हे त्या पैशातून एकदा तरी कोणी विचारलंय? आम्ही निदान बाळंतपणाबद्दल तरी भांडलो.

अर्थात सगळंच असं नसतं. एचआयव्हीबाधितांच्या संघटना उभ्या राहिल्या त्यात परदेशी पैशाचा वाटा मोठा आहे. २००३ पासूनच्या गेट्स फाउंडेशनच्या ‘आवाहन’ या एचआयव्ही रोखण्याच्या कार्यक्रमात महाराष्ट्रही होता. आणि सरकारच्या पैशातून सरकारलाच जाब विचारता येतो, हेही याच राज्यात झालंय. २००७ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या निधीतून लोकाधारित देखरेख, म्हणजे आरोग्यसेवेवर लोकांनीच लक्ष ठेवणं, सुरू झाली, जनसुनावण्यांत डॉक्टर-अधिकारी लोकांसमोर उत्तरं द्यायला बसले. फक्त सुरुवातीच्या पाच जिल्ह्यांत आमचा सिंधुदुर्ग नव्हता.