इटोशात गाइडशिवाय, स्वतः गाडी चालवून प्राणी बघायचे तर दिवस कसा आखावा?

तुमचा प्रश्न असा: सप्टेंबरात दोघं नामिबियाच्या इटोशा राष्ट्रीय उद्यानात जाणार, छतावर तंबू असलेली फोर बाय फोर पिकअप भाड्याने घेणार, मुक्काम कॅम्पिंगच्या जागेवर. एका दिवसात किती फिरावं?

जितकं कमी फिराल तितकं जास्त दिसेल. सप्टेंबरपर्यंत झुडपांमधली पावसाळी डबकी पार आटलेली असतात. उरतात ते झरे आणि बोअरचे पाणवठे, आणि सगळ्यांना तिथे यावंच लागतं. आपल्याकडे बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून पाणवठ्यावरची गणना करतात, त्यामागचं तर्कशास्त्र हेच. ताडोबात जिप्सी माग काढत फिरते. इटोशात गाडी लावून बसायचं.

ओकाकुएजो, हलाली आणि नामुतोनी हे उद्यानातले तीन मोठे कॅम्प. ओकाकुएजो ते हलाली साधारण ७० किलोमीटर, हलाली ते नामुतोनी ७५. एका दिवसाला यातला एकच टप्पा घ्या. वेगमर्यादा ताशी ६० असली तरी थांबत-बघत सरासरी २५-३० च्या वर जात नाही. कॅम्पचं फाटक सूर्योदयाला उघडतं आणि सूर्यास्ताला बंद होतं, वेळा फाटकावरच लावलेल्या असतात. संध्याकाळी परतीला निदान दीड तास हाताशी ठेवा, कारण हत्तींचा कळप रस्त्यावर उभा राहिला तर अर्धा तास सहज जातो.

सकाळचा वेळ खातो तो तंबू. गाडी हलवायची म्हणजे रोज तो मिटणं आलं. सवय झाल्यावर दोघांना दहा-पंधरा मिनिटं लागतात. अंधारातच मिटून घ्या, चहा थर्मासमध्ये भरा, नाश्ता पहिल्या पाणवठ्यावर गाडीतच करा. निघण्यापूर्वी शिडीचा खटका, तंबूच्या कव्हरचे पट्टे आणि मागच्या कॅनोपीची (पिकअपच्या मागच्या टपाची) कडी हाताने ओढून बघा. बाहेर पडल्यावर कुंपणातल्या स्वच्छतागृहांशिवाय कुठेही उतरायची परवानगी नाही, त्यामुळे सुटलेला पट्टा बांधायलाही उतरता येत नाही.

ओकाकुएजोहून निघालात तर आधी नेब्राउनी, मग खाली गेम्सबॉकव्लाक्ते, ओलिफान्ट्सबाद, औस हे पाणवठे, आणि तिथून हलाली हा क्रम सोयीचा. पण चारही पाणवठ्यांवर हजेरी लावायचा हट्ट नको. जिथे हालचाल असेल तिथे दीड-दोन तास बसा.

बसायचं कसं, यावर बरंच अवलंबून आहे. सूर्य पाठीशी येईल अशी गाडी लावा, नाक बाहेरच्या दिशेला, इंजिन बंद. जमिनीवर घासून गुळगुळीत झालेल्या, लीद पडलेल्या पायवाटा दिसतील. त्या हत्तींच्या, त्यांवर गाडी उभी करू नका. मग पाण्यापेक्षा प्राण्यांच्या माना बघा. स्प्रिंगबॉक आणि झेब्रे तहानलेले असूनही पाण्यापासून पन्नास मीटरवर खोळंबले आणि सगळ्यांचे कान एकाच झुडपाकडे वळले, की दुर्बीण तिकडे लावा. सिंहीण बहुतेक सावलीत आडवी पडलेली असते, दिसतं ते फक्त कानाचं टोक. जिराफ पाय फाकवून वाकण्याआधी कितीतरी वेळ नुसता उभा राहतो. तो शेवटी न पिताच मागे फिरला तर जवळपास शिकारी असण्याची शक्यता धरा. दुर्बीण ८ बाय ४२ पुरते. कॅमेऱ्यासाठी रिकामी कापडी पिशवी न्या, तिथे तांदूळ भरा आणि खिडकीवर टेकवा.

ऊन चढलं की हत्ती येतात. कान पसरून डोकं हलवणं हा इशारा असतो; तेव्हा गडबड न करता हळू मागे घ्या. गंडस्थळातून मद पाझरतोय आणि मागचे पाय लघवीने भिजलेत, म्हणजे नर माजावर आहे. त्याला रस्ता पूर्ण मोकळा द्या आणि परत वळायला जागा राहील इतकं अंतर आधीपासूनच ठेवा.

गाडीचं थोडं. रस्ते मुरमाचे, आणि काही ठिकाणी पन्हळी पत्र्यासारखे. टायरमध्ये २८ पीएसआयच्या आसपास हवा ठेवा (भरलेल्या गाडीला मागे थोडी जास्त) आणि भाड्याने देणाऱ्याकडून आकडा पक्का करून घ्या. हवा जास्त असली की धारदार दगडाने टायर फाटतो, फार कमी असली की बाजू चिरते. स्टेपनी दोन हव्यात. ताब्यात घेतानाच जॅक लावून एक चाक काढून बघा. धूळ पांढरी, पिठासारखी बारीक. काचा बंद ठेवून बाहेरची हवा आत घेणारा पंखा चालू ठेवा, म्हणजे आतला दाब वाढून फटींतून धूळ शिरत नाही. समोरून गाडी आली तर तेवढ्यापुरतं रिसर्क्युलेशनवर (आतलीच हवा फिरवण्यावर) न्या. फ्रीज दुसऱ्या बॅटरीवर चालतो आणि ती गाडी धावतानाच भरते. दिवसभर बसून राहिलात तर ती उतरते, म्हणून झाकण सारखं उघडू नका आणि पिण्याचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये ठेवा, माणशी ५ लिटर. तिन्ही मोठ्या कॅम्पांवर पंप आहेत, तरी इंधन संपल्याचं ऐकावं लागतं. टाकी अर्धी झाली की भरा. किराणा उद्यानात शिरण्याआधी औत्यो किंवा त्सुमेब या गावांत घ्या.

कॅम्पवर कोल्हे बुटं पळवतात आणि हलालीला हनी बॅजर कचरापेट्या आणि कूलर उचकतात. बुटं तंबूत, खाणं गाडीत, कूलरवर वजन. इटोशा मलेरियाच्या पट्ट्यात आहे, गोळ्यांबद्दल निघण्याआधी डॉक्टरांशी बोला.

रात्री जेवण उरकून कॅम्पच्याच पाणवठ्यावर जाऊन बसा. तिथे दिवे असतात आणि कुंपणाच्या आतून बघता येतं. काळ्या गेंड्यासाठी ओकाकुएजोसारखी जागा नाही, आणि तो बहुधा अंधार पडल्यावरच येतो. जाकीट न्या, सप्टेंबरातही पहाटे थंडी असते. प्रवास दक्षिणेकडे असेल तर कच्चं मांस शेवटच्या रात्रीच संपवा. जनावरांच्या रोगप्रतिबंधासाठी तिकडे न्यायला बंदी आहे आणि तपासणीत ते काढून घेतात.