नबुखद्नेस्सरने खरंच गवत खाल्लं का?

बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर वेडा होऊन सात वर्षं गवत खात होता ही दंतकथा का, आणि यरुशलेमचं मंदिर पाडणाऱ्या या राजाला देवाने जिवंत कसं सोडलं, असं तुम्ही विचारलंय. दुसरा प्रश्न जास्त मोलाचा, म्हणून पहिला आधी उरकतो.

ही कथा बायबलमधल्या दानीएलच्या पुस्तकात, चौथ्या अध्यायात आहे, आणि तिथे मूळ अरामी भाषेत 'वर्षं' नाहीतच. 'सात काळ' आहेत. नबुखद्नेस्सर (इ.स.पू. ६०५–५६२) वेडा झाल्याचा ठोस पुरावा बाबेलच्या नोंदींत मिळत नाही. मात्र नंतरचा राजा नबोनिदस दहा वर्षं राजधानी सोडून अरबस्तानात, तेमा इथे राहिला. मृत समुद्राजवळच्या कुमरानमध्ये जुनी हस्तलिखितं सापडली; तिथल्या चौथ्या गुहेतल्या एका अरामी तुकड्यात हाच नबोनिदस सात वर्षं व्याधीने पिडलेला दिसतो, आणि त्याला वाट दाखवणारा एक यहुदी आहे. कथा मुळात त्याची असावी, असं बरेच अभ्यासक मानतात. मलाही ते पटतं.

आता शिक्षेचं. राजवाड्याच्या गच्चीवर फिरताना राजा म्हणतो, हे थोर बाबेल मीच बांधलं ना? गंमत म्हणजे हे खोटं नाही. उत्खननात त्याच्या नावाचा ठसा असलेल्या विटा ढिगांनी सापडल्या. नडला तो 'मीच'. आणि शिक्षा अचानक आलेली नाही. राजाला स्वप्नात एक मोठं झाड तोडलेलं दिसलं; ते झाड म्हणजे तूच, तेव्हा नीतीने वाग, गरिबांवर दया कर, असं स्वप्नाचा अर्थ सांगणाऱ्या दानीएलने आधीच बजावलं होतं. त्यानंतर बारा महिने गेले. स्वप्नात झाड तोडायचा हुकूम झाला, तरी बुंधा जमिनीत राखायला सांगितलाय, म्हणजे राजाला परतायची वाट ठेवलीय.

अध्याय राजाच्याच तोंडी जाहीरनाम्यासारखा सुरू होतो, हे बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. मध्येच निवेदन 'तो'वर जातं आणि वेडाचा सगळा भाग तसाच सांगितला जातो. राजा स्वर्गाकडे डोळे लावतो तेव्हाच 'मी' परत येतो. तोवर त्याला स्वतःचा आवाजच नाही!

पुढच्या अध्यायातल्या बेलशस्सर राजाला मात्र ही सवलत नाही. त्याने मंदिर पाडलं नव्हतं, मंदिरातल्या पात्रांतून दारू प्यायली एवढंच. पण त्याच रात्री मारला गेला. कारण ५:२२ मध्ये दानीएल त्याला सांगतो: हे सगळं माहीत असूनही तू मन नम्र केलं नाहीस.

(यहुदी आवृत्ती वापरत असाल तर चौथ्या अध्यायात वचनांचे आकडे तीनने मागे धरा, नाहीतर माझ्यासारखे तासभर शोधत बसाल.)